मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका सुरू झाली. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांच्या कार्यालयांत धमकीचा एक ई-मेल येऊन पडला होता. तो कुठल्या इंटरनेट जोडणीवरून निघाला याचा माग काढत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक पोहोचलं ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, भाड्यानं राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याची चौकशी झाली, घरातले संगणक तपासले गेले. मेल त्यानं पाठवलेलाच नव्हता. त्याच्या घरचं वायफाय असुरक्षित होतं आणि इमारतीच्या आसपास थांबून कोणीतरी ते वापरून गेलं होतं. पुढचा मेल २३ ऑगस्टला आला, माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. त्यानंतरचा १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या नेटवर्कवरून.

तिन्ही ठिकाणच्या लोकांचा कटाशी काही संबंध नव्हता. तरी पोलीस आधी त्यांच्याच दारात गेले, कारण इंटरनेटच्या जगात जोडणी ज्याच्या नावावर, त्याचाच पत्ता नोंदीत असतो. या घटनांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या: वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय जोडणी द्यायची नाही. स्टेशनावर किंवा विमानतळावर वायफाय जोडताना आज जो ओटीपी मागितला जातो, त्याचं मूळ या सूचनांत आहे.

घरातलं वायफाय आता उघडं क्वचितच असतं. पासवर्ड बहुतेक ठिकाणी असतो. तो कसा ठरतो, हे मात्र पाहण्यासारखं आहे. इंटरनेट जोडायला आलेला माणूस अर्ध्या तासात काम उरकतो. फायबरची वायर राउटरला लावतो, फोनवर १९२.१६८.१.१ हा आकडा टाकून राउटरचं पान उघडतो, नेटवर्कला घरमालकाचं आडनाव देतो आणि विचारतो, “पासवर्ड काय ठेवू, काका?” आतून उत्तर येतं, “माझा मोबाइल नंबरच ठेवा, म्हणजे लक्षात राहील.” त्याच पानावर ‘सिक्युरिटी’ नावाची आणखी एक ओळ असते. तिच्यावर बोट ठेवलं की यादी उघडते: ओपन, वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३ आणि त्यांची काही मिश्रणं. या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही. पंचवीस वर्षांत वायफायची सुरक्षा किती वेळा मोडली आणि किती वेळा नव्यानं उभी केली, ते सगळं त्या यादीत आहे.

यादीतलं सगळ्यात जुनं नाव वेप. बिनतारी नेटवर्कचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, त्यातच ही पद्धत होती. तारेतून जाणारी माहिती चोरायची तर भिंतीच्या आत शिरावं लागतं. हवेतून जाणारी माहिती शेजारच्या गच्चीवरही ऐकू येते. म्हणून ती सांकेतिक रूपात पाठवायची, हा विचार बरोबरच होता. बांधणी कच्ची होती. माहितीच्या प्रत्येक पुडक्याबरोबर (पॅकेटबरोबर) एक बदलती संख्या जायची आणि ती फक्त २४ बिटांची होती. म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ संख्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. गर्दीच्या नेटवर्कवर एवढी पुडकी काही तासांत जातात. एकाच संख्येनं झाकलेली दोन पुडकी हाती लागली, की एकमेकांच्या आधारानं दोन्ही उलगडू लागतात. २००१ मध्ये स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमीर या तिघांनी त्याहून खोल दोष दाखवला: पुरेशी पुडकी गोळा केली तर मूळ किल्लीच काढता येते. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवलं.

दोष माहीत असूनही दुकानं वेपवरच चालत राहिली. अमेरिकेतल्या टीजेएक्स या मोठ्या दुकानसाखळीनं त्याची किंमत मोजली. २००५ पासून चोरांनी तिच्या काही दुकानांच्या वायफायमधून आत शिरून कंपनीच्या मुख्य संगणकांपर्यंत वाट काढली. जानेवारी २००७ मध्ये प्रकरण उघडकीला आलं तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख क्रेडिट आणि डेबिट कार्डांची माहिती गेली होती. टोळीचा म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेस याला २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी या चोरीची चौकशी केली आणि स्पष्ट ठपका ठेवला: जुनी, दुबळी सांकेतिक पद्धत बदलायला कंपनीनं फार वेळ लावला.

वेपच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं. ती तात्पुरती सोय होती, जुनी यंत्रं फेकून न देता वापरता यावीत म्हणून केलेली. खरी दुरुस्ती २००४ मधली डब्ल्यूपीए-२. तिच्यात एईएस ही भक्कम सांकेतिक पद्धत आहे आणि मार्च २००६ पासून वायफायचं प्रमाणपत्र हवं असलेल्या प्रत्येक नव्या यंत्राला ती सक्तीची झाली. म्हणजे आज वापरात असलेल्या जवळजवळ कुठल्याही राउटरवर ती आहे. तरीही काही घरांत ‘सगळं चालावं’ म्हणून जुनं मिश्रण ठेवलेलं सापडतं: डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ एकत्र, ‘टीकेआयपी’ नावाच्या जुन्या पद्धतीसह. त्याचा एक तोटा रोजच्या रोज भोगावा लागतो. वायफायच्या २००९ पासूनच्या मानकांत जलद वेग या जुन्या पद्धतींबरोबर वापरायला मनाई आहे, त्यामुळे टीकेआयपीवर चालणारी जोडणी सेकंदाला ५४ मेगाबिटांच्या वर जात नाही. ३०० मेगाबिटांचा प्लॅन घेऊन नेट हळू चालतं म्हणून कंपनीला फोन करणाऱ्यानं आधी ही ओळ पाहावी. यादीत ‘डब्ल्यूपीए-२, एईएस’ हे त्याखाली जाऊ नये असं किमान आहे.

आता पासवर्डाकडे येऊ, कारण डब्ल्यूपीए-२ ची सगळी ताकद तिथेच येऊन थांबते.

फोन घरच्या नेटवर्कला जोडला जातो तेव्हा पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर चार छोटे निरोप एकमेकांना पाठवतात. दोघांकडे पासवर्ड आधीपासून असतो. त्यात नेटवर्कचं नाव मिसळून ते मिश्रण ४,०९६ वेळा एका गणिती प्रक्रियेतून फिरवलं जातं आणि त्यातून एक लांबलचक किल्ली तयार होते. राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, फोन आपला आकडा परत पाठवतो, आणि दोन्ही आकड्यांवरून आपल्याला किल्ली माहीत आहे याचा एक पडताळा सोबत जोडतो. राउटर तो स्वतःच्या हिशेबाशी ताडून पाहतो. जुळला की दार उघडतं. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात होतं.

रचना सुंदर आहे, पण एक फट राहते. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला हे चारही निरोप ऐकू येतात. नेटवर्कचं नाव, दोन्ही आकडे, पडताळा, सगळं त्याच्या हाती असतं. नसतो तो फक्त पासवर्ड. मग तो घरी जाऊन निवांत अंदाज बांधू शकतो. एक पासवर्ड घ्यायचा, हिशेब करायचा, पडताळा जुळतो का पाहायचं. नाही जुळला तर पुढचा. बँकेच्या एटीएमवर तीन वेळा पिन चुकला की कार्ड अडतं. इथे अडवायला कोणी नाही, कारण राउटरला या अंदाजांचा पत्ताच नसतो. २०१८ मध्ये जेन्स श्टॉइबे या जर्मन तज्ज्ञानं आणखी एक गोष्ट दाखवून दिली: अनेक राउटरांच्या बाबतीत कोणी फोन जोडण्याची वाटही पाहावी लागत नाही, राउटरनं पाठवलेलं एक पुडकं पुरतं.

२०२१ मध्ये सायबरआर्क या सुरक्षा कंपनीतले संशोधक इदो होरविच यांनी तेल अवीवमध्ये याची चाचणी घेतली. एक स्वस्त वायफाय कार्ड आणि लॅपटॉप घेऊन ते शहरात फिरले आणि ५,००० नेटवर्कांची अशी पुडकी गोळा केली. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक नेटवर्कांचे पासवर्ड त्यांनी शोधून काढले. मोठं कारण अगदी घरगुती होतं: तिथलेही बरेच लोक स्वतःचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवतात. इस्रायलमध्ये मोबाइल नंबर ०५ नं सुरू होतो, पुढे आठ आकडे. म्हणजे सगळ्या शक्यता मिळून फक्त दहा कोटी.

हाच हिशेब आपल्याकडे करून पाहू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. शक्यता झाल्या ४०० कोटी. ऐकायला आकडा अवाढव्य आहे. पण गेम खेळण्यासाठी मिळणारं एक महागडं ग्राफिक्स कार्ड या कामात सेकंदाला वीस लाखांहून अधिक अंदाज तपासतं. चारशे कोटींना वीस लाखांनी भागलं तर दोन हजार सेकंद येतात. म्हणजे जेमतेम तेहतीस मिनिटं, तीही देशातले सगळे संभाव्य नंबर तपासायचे झाल्यास. जन्मतारीख ठेवली असेल तर गेल्या शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून ३६,५०० च्या आसपास भरतात. त्या संपायला सेकंदही लागत नाही. वापरात असलेल्या नंबरांच्या मालिका माहीत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात तेहतीस मिनिटंही लागायची नाहीत. बाहेरच्या पाटीवर किंवा दुकानाच्या फलकावर नंबर लिहिलेला असेल तर कार्डाचीही गरज नाही.

उपाय कठीण नाही. डब्ल्यूपीए-२ चा पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो आणि लांबीचा फायदा फार झपाट्यानं वाढतो. अमेरिकेतल्या अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक साधी पद्धत सुचवली: फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून शब्द निवडायचे आणि ते एकापुढे एक लिहायचे. असे पाच शब्द घेतले, तर वरच्याच वेगानं सगळ्या शक्यता तपासायला साडेचार लाख वर्षं लागतील. शंभर कार्डं एकदम लावली तरी साडेचार हजार वर्षं. यादी हवीच असंही नाही. कपाटातला जाडजूड मराठी शब्दकोश काढावा, डोळे मिटून पाच वेळा पान उघडावं, बोट पडेल तो शब्द घ्यावा. समजा ‘ओसरी’, ‘तबला’, ‘वखार’, ‘काकडी’ आणि ‘पंचांग’ आले, तर ते इंग्रजी लिपीत सलग टाइप करायचे. स्पेलिंग एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवलेलं बरं. शब्द निवडणारं मन नसावं, योगायोग असावा. ही अट महत्त्वाची. माणूस स्वतः निवडायला बसला की देवाचं नाव, मुलाचं नाव आणि वर्ष हेच सुचतं, आणि अंदाज बांधणाऱ्यालाही तेच आधी सुचतं. इथे छापलेले पाच शब्दही आता वापरात घेऊ नयेत, हे ओघानं आलंच.

पासवर्ड इतका चांगला ठेवूनही राउटरच्या पानावरचं एक बटण सगळ्यावर पाणी फिरवू शकतं. त्याचं नाव डब्ल्यूपीएस. पासवर्ड टाइप न करता प्रिंटर किंवा टीव्ही जोडता यावा म्हणून आणलेली ही सोय. तिच्यात आठ आकडी पिनचा एक प्रकार आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर पहिले चार आकडे आणि उरलेले आकडे वेगवेगळे तपासतो, वर शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. श्टेफान फीबोक या ऑस्ट्रियन संशोधकानं हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जगासमोर मांडलं. डब्ल्यूपीएस बंद करावं. प्रिंटर वर्षातून एकदा जोडायचा असतो, त्याला पासवर्ड हातानं टाकता येतो.

टिपलेल्या निरोपांवरून घरी अंदाज बांधण्याची फट मुळातून बुजवायचं काम २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ नं केलं. तिच्यात निरोपांची देवाणघेवाण अशी रचली आहे, की ऐकणाऱ्याच्या हाती घरी नेऊन तपासण्याजोगं काही लागत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं. सेकंदाला वीस लाखांचा वेग तिथेच संपतो. दुसरा लाभ क्लासेस, दवाखाने आणि हॉटेलांसाठी मोठा आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये भिंतीवर लिहिलेला पासवर्ड ज्याला माहीत आहे, तो दुसऱ्या ग्राहकाचे सुरुवातीचे चार निरोप टिपून त्याची पुढची देवाणघेवाणही उलगडू शकतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये पासवर्ड माहीत असला तरी हे जमत नाही. नवी पद्धत निर्दोष निघाली असं नाही. २०१९ मध्ये मॅथी वानहूफ आणि एयाल रोनेन यांनी तिच्यातल्या काही गळत्या शोधल्या. याच वानहूफ यांनी २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ च्या निरोपांमधलाही एक दोष उघड केला होता. दोन्ही वेळा दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. म्हणून राउटरवर आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी, आणि कंपनीनं अपडेट देणंच थांबवलं असेल तर राउटर बदलावा. दहा वर्षं चालला हे फ्रिजचं कौतुक आहे, राउटरचं नव्हे.

अडचण येते ती जुन्या वस्तूंची. डब्ल्यूपीए-३ सक्तीचं केलं की पाच-सहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, स्वस्तातला स्मार्ट बल्ब किंवा दाराबाहेरचा कॅमेरा जोडायला नकार देतो. अशा घरासाठी डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचं मिश्रण आहे. पण मिश्रणात दोघांचा पासवर्ड एकच असल्यामुळे अंदाजाची फट उघडीच राहते आणि पाच शब्दांची गरज टळत नाही. त्याहून चांगली वाट म्हणजे राउटरवरचं ‘गेस्ट नेटवर्क’. फोन आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर डब्ल्यूपीए-३ नं जोडावेत. बल्ब, कॅमेरे, पाहुणे आणि भाडेकरू यांच्यासाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. भाडेकरू गेला की फक्त तोच बदलायचा. गेस्ट नेटवर्कवरून घरातल्या बाकीच्या यंत्रांपर्यंत पोहोचता येणार नाही अशी खूण बहुतेक राउटरांत असते, ती केली आहे ना हे पाहावं.

दोन सेटिंगांवर मात्र लोक उगाच वेळ घालवतात. एक, नेटवर्कचं नाव लपवणं. नाव लपवलं तरी फोन जोडताना ते हवेतून जातंच. उलट लपवलेलं नेटवर्क लक्षात ठेवणारा फोन बाजारात, गाडीत, जिथे जाईल तिथे ‘तू इथे आहेस का?’ असं त्या नावानं विचारत फिरू शकतो. दुसरं, ठरावीक यंत्रांनाच आत घेणारी मॅक पत्त्यांची यादी. हे पत्ते उघडपणे जातात आणि कोणीही दुसऱ्याचा पत्ता लावू शकतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न सांगता बदललेला सांगतात, त्यामुळे यादीचा त्रास होतो तो घरच्यांनाच.

राउटरच्या पानात शिरण्याचा पासवर्ड ही आणखी एक दुर्लक्षित जागा. तो ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवलेला सापडतो. ब्राझीलमध्ये २०११ पासून गुन्हेगारांनी सुमारे ४५ लाख मोडेमांमध्ये बाहेरून शिरकाव केला. वायफायला त्यांनी हातही लावला नाही; पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरची ओळ तेवढी बदलली. त्यानंतर लोक ओळखीच्या संकेतस्थळाचं नाव टाइप करत आणि भलत्याच पानावर पोहोचत. तिथे मोडेमांमध्ये मुळातच दोष होता, म्हणून पासवर्ड बदललेल्यांनाही धोका होता. पण बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचं पान उघडण्याची सोय बंद करणं आणि ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द बदलणं, ही दोन कामं पाच मिनिटांत होतात.

ओटीपीविषयी एक मोठा गैरसमज पसरला आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनावर रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं; डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली, त्यामुळे आता चहाची टपरी किंवा किराणा दुकानही सार्वजनिक वायफाय देऊ शकतं. नंबर टाकला, ओटीपी आला, म्हणजे जोडणी सुरक्षित झाली असं अनेकांना वाटतं. ओटीपीनं फक्त वापरणाऱ्याची नोंद होते. फोन आणि राउटर यांच्यामधली हवा अशा उघड्या नेटवर्कवर उघडीच राहते. बँकेची आणि बहुतेक मोठी संकेतस्थळं स्वतःची माहिती वेगळी झाकून पाठवतात म्हणून मोठा अनर्थ टळतो. ‘एन्हान्स्ड ओपन’ नावाची नवी पद्धत पासवर्ड न मागता ही हवाही झाकते, मात्र त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही नवे लागतात. सार्वजनिक वायफाय नव्यानं उभारणाऱ्यांनी ती मागून घ्यायला हवी.

जिथे वीस-पंचवीस माणसं कामाला आहेत तिथे एकच पासवर्ड सगळ्यांना देणं चुकीचं. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला की नियमानं सगळ्यांचे फोन, प्रिंटर, हजेरीचं यंत्र यांवर पासवर्ड बदलायला हवा. तो कोणी बदलत नाही. यादीतला ‘एंटरप्राइझ’ हा पर्याय अशा जागांसाठी आहे. त्यात प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड असतो, आणि गेलेल्या माणसाचं एक खातं बंद केलं की काम झालं. एज्युरोम हे विद्यापीठांचं जागतिक नेटवर्क याच पद्धतीवर चालतं. भारतात त्याची व्यवस्था अर्नेट ही संस्था पाहते. एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेत गेला तरी आपल्याच खात्यानं जोडला जातो.

या पद्धतीची नाजूक जागा फोनवर आहे. जोडताना फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि हा सर्व्हर खरंच आपल्या संस्थेचा आहे याची खात्री करतो. अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं ‘तपासू नका’ असा पर्याय होता आणि संस्थांच्या सूचनापत्रकांतही तोच निवडायला सांगितलेला असायचा, कारण त्यानं काम लवकर होई. मग कोणीही त्याच नावाचं खोटं नेटवर्क गेटाबाहेर उभं करून लॉगिनची माहिती गोळा करू शकतो. डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून गुगलनं पिक्सेल फोनांवरून तो पर्याय काढला, आणि पुढे इतर नव्या फोनांवरूनही तो जाऊ लागला. जुन्या फोनांवर तो अजून आहे. जुनी सूचनापत्रकंही अजून फिरत आहेत. पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी कॉलेजच्या संगणक विभागानं ती बदलून त्यांत संस्थेच्या सर्व्हरचं नेमकं नाव आणि कुठलं प्रमाणपत्र निवडायचं ते छापलं, तर विद्यार्थ्यांचे फोन पहिल्या दिवसापासून खऱ्याच नेटवर्कला जोडले जातील.